दार बंद, सरासरी

एकतीस वर्षं मी विजेचे मीटर वाचले.
महालात, गोळीबार चौकात, जरीपटक्यातल्या जिन्यांखाली,
बल्ब नसेल तिथे बॅटरी दातांत धरून.
आकडा म्हणजे आकडा.
कुणाचा चहा घेतला, तरी आकडा तोच.

फक्त कुलूप असलं की
रकान्यात लिहावं लागायचं : दार बंद, सरासरी.
तेवढं लिहिताना हात जड व्हायचा.
लोक नंतर ऑफिसात येऊन भांडायचे
आणि बरोबरच असायचं त्यांचं.

आता दर तिमाहीला माझ्याच नावाने पत्र येतं.
पिली नदीच्या पलीकडे एक प्रकल्प आहे,
शहराचं सांडपाणी धुऊन वीजकेंद्राला विकणारा.
इतका मोठा नाही, की मंत्री फीत कापायला येईल,
इतका लहानही नाही, की एखादा कंत्राटदार गिळून ढेकर देईल.
आम्ही नऊ निवृत्तांनी मिळून त्यात वाटा घेतला.
बाजाराच्या यादीत त्याचं नाव नाही.
मोबाइलवर तो हिरवा होत नाही, लाल होत नाही.
पत्रात एकच ओळ :
आपल्या हिश्श्याचे मूल्य, अंदाजे.

अंदाजे!

पुष्पलता म्हणाली, काहून टाकले मंग पैसे,
भावच जर माहीत नाही?
म्हटलं, काटोलला तुझा भाऊ काय करतो?
अर्ध्या बागेत आंबिया धरतो,
अर्धी मृगासाठी ताणावर सोडतो.
पाऊस लांबला, मृग फुटलाच नाही,
तरी अलीकडच्या झाडांवर आंबिया असतोच ना?
ठेवी आहेत, बेसाला प्लॉट आहे, फंड आहे.
उद्या बाजार पडला तर फंड पडेल.
पण बाजार पडला म्हणून
नागपूर आंघोळ करायचं थांबतं का?

ती हसली नाही.
संत्र्याच्या झाडाले हात लावून पाहता येते, म्हणाली.
अन् सात वर्षं पैसे निघत नाहीत म्हणता.
तुम्ही एकसष्टचे. मिळवा सात.

मी मिळवले नाहीत.
आयुष्यात तेवढी एकच बेरीज
मी कोरी सोडली.

एका शुक्रवारी स्कूटर काढली.
फाटकावर हेल्मेट घातलेली पोरगी, प्रज्वला डोंगरे,
पाळीची ऑपरेटर. म्हणाली, भागधारक?
इथं तर आजवर कोणीच आलं नाही हो काका.
पहिल्या टाकीपाशी मी रुमाल काढला.
अख्ख्या उत्तर नागपूरची सकाळ होती त्यात :
साबण, हळद, रात्रीच्या तर्रीचं तेल,
आणि जे कुणी बोलून दाखवत नाही ते सगळं.
दुसऱ्या टाकीत हवा सोडलेली,
पाणी चहासारखं उसळत होतं.
शेवटच्या टाकीच्या काठावर बगळा,
टाकीत त्याचे पाय स्वच्छ दिसत होते.

मग जाड पाइपावर तो दिसला. मीटर.
हात आपोआप चष्म्याकडे गेला.
काका, ते वाचावं नाही लागत, प्रज्वला म्हणाली,
आपोआप जातं ऑफिसात.
असू दे, म्हटलं.
वाकलो. खिशातल्या जुन्या डायरीत उतरवला आकडा,
बाजूला वेळ : अकरा चाळीस.

तो पाण्याचा आकडा. माझ्या पैशाचा नव्हे.
वीजकेंद्राने बिल थकवलं,
करार संपला आणि पुढचा झालाच नाही,
तरी पाणी येतच राहणार, काटा फिरतच राहणार,
आणि माझ्या पत्रात ती ओळ
हळूहळू बारीक होत जाणार.
हे मला तिथे वाकलेलं असतानाच कळत होतं.
तरी दोनदा वाचला.

घरी आलो. काय म्हणते तुमचं, तिनं विचारलं.
दार उघडं होतं, म्हटलं.

पाय धुवायला मोरीत गेलो
आणि बादली
नेहमीपेक्षा सढळ ओतली.